वळणाची त्रिज्या आणि गाडीचा वेग: दहावीच्या पोरांसोबतच्या प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

विज्ञान प्रदर्शनासाठी विषय ठरला एकदाचा. दरवर्षीचा ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन यंदा नको असं मी आधीच सांगून टाकलं होतं. फाट्यावरून आमच्या गावाकडे येताना डोंगराला वळसा घालणारं जे वळण आहे तिथे वेगमर्यादा २० चा बोर्ड आहे, आणि सार्थकचा प्रश्न असा की वीसच का, पंचवीस का नाही, कोण ठरवतं हे. मला हा प्रश्न आवडला कारण दहावीचं बीजगणित, भूमिती आणि विज्ञान भाग १ मधलं अभिकेंद्री बल तिन्ही यात येतं, आणि परीक्षेच्या वर्षात पालकांना उत्तर देताना ते बरं पडतं.

टीम: सार्थक, रेश्मा, ओमकार, सानिका. मोजमापाला ओमकारचे वडील येणार, त्यांचं गवंडीकाम असल्यामुळे टेप, दोरी, नळी सगळं घरातच आहे.

६ ऑगस्ट

आज फळ्यावर मूळ समीकरण. वळणात गाडीला आत ओढणारं बल लागतं, ते वस्तुमान × वेग² ÷ त्रिज्या. सपाट रस्त्यावर हे बल फक्त टायर आणि डांबराच्या घर्षणातून येतं, आणि घर्षण जास्तीत जास्त किती तर घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) × वस्तुमान × ९.८१ (गुरुत्वत्वरण). दोन्ही बाजू समान ठेवल्या की वस्तुमान दोन्हीकडून उडतं.

इथे वर्ग पेटला. ओमकारला पटेचना की भरलेला डंपर आणि रिकामा डंपर एकाच वेगाला घसरायला लागतील. त्याचं म्हणणं जड गाडीला जास्त धोका, बाहेर फेकली जाणार. सानिकाचं म्हणणं उलटं, जड गाडी चिकटून राहते. मी म्हटलं दोघंही अर्धे बरोबर आहात, जड गाडीला वळवायला जास्त बल लागतं हेही खरं आणि तिला घर्षणही जास्त मिळतं हेही खरं, आणि दोन्ही वाढी सारख्याच प्रमाणात होतात म्हणून तर वस्तुमान कटतं. पण ओमकारच्या डोक्यात जे आहे ते पूर्ण चुकीचं नाही, त्याला उलटणाऱ्या गाड्या दिसतायत, घसरणाऱ्या नाही. त्यावर नंतर यायचंय, वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय.

१४ ऑगस्ट

वेग किलोमीटर प्रतितासात हवा म्हणून ३.६ ने भागलं, त्याचा वर्ग १२.९६, गुणिले ९.८१ म्हणजे १२७.१. इंजिनिअरांच्या पुस्तकात जो १२७ कुठूनतरी टपकल्यासारखा असतो तो हा. आणि रस्ता वळणात बाहेरून उचललेला असतो (बँकिंग), तो आडवा उतार घर्षणाच्या मदतीला येतो. म्हणून:

वेग² = १२७ × त्रिज्या × (उतार + घर्षण)

काटेकोर मांडणीत खाली एक (१ − उतार × घर्षण) असा भागाकार येतो, पण उतार ०.०७ गुणिले घर्षण ०.१५ म्हणजे जेमतेम ०.०१, तो सोडून देतात. रेश्माने विचारलं सोडून दिलेलं चालतं का गणितात, म्हटलं गणितात नाही, रस्त्यावर चालतं, तिथे दोरीच पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होणार आहे.

आठवीच्या गणितात चलन शिकलो होतो ते इथे बाहेर काढलं. वेगाचा वर्ग त्रिज्येच्या सम प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट हवा तर त्रिज्या चौपट पाहिजे. आणि त्रिज्या निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होत नाही, साधारण ७१ टक्के राहतो. पोरांना पहिलं वाक्य लगेच पटतं, दुसऱ्यावर थबकतात.

२० ऑगस्ट

आजचा तास मस्त गेला. इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्याकडे रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था, १९३४ ची. तिच्यामागे जी रस्ते विकास समिती होती तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. असो. रोड्स काँग्रेसच्या नियमात घर्षण ०.१५ धरायचं, आडवा उतार सपाट भागात जास्तीत जास्त ७ टक्के, आणि बर्फ पडत नाही अशा डोंगराळ भागात १० टक्के. बास, एवढंच पोरांना दिलं आणि कमीत कमी त्रिज्येचा तक्ता त्यांनाच काढायला लावला, छापील तक्ता मी लपवून ठेवला होता.

सपाट भाग, १०० चा वेग: १०००० ÷ (१२७ × ०.२२) = ३५८. तक्त्यात ३६० मीटर. ८० ला २२९ आलं, तक्त्यात २३०. घाटात ५० ला ७८.७, तक्त्यात ८०. ३० ला २८.३, तक्त्यात ३०. तक्ता उघडला तेव्हा पोरांनी अक्षरशः आरडाओरडा केला, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

पण सानिकाने पकडलंच. घाटात ४० च्या वेगाला उत्तर ५०.४ येतं आणि तक्त्यात ५० आहे, बाकी सगळीकडे वर गोल केलंय मग इथे खाली का. उलटं करून बघितलं, ५० मीटरला वेग ३९.८ येतो. म्हटलं एवढं चालायचंच, पण प्रश्न एकदम रास्त.

हेअरपिनचंही काढलं, म्हणजे केसांच्या पिनेसारखं उलट फिरणारं वळण. आमच्या कुंभार्ली घाटात चिपळूणहून कराडला जाताना सगळ्यांनीच तसली वळणं खाल्लेली आहेत, निम्म्या पोरांना तिथे गाडी लागते. नियमात हेअरपिनच्या आतल्या कडेची त्रिज्या कमीत कमी १४ मीटर आणि वेग २०. सूत्रात १४ टाकले की २१ येतो.

११ सप्टेंबर

गणपतीत काही होत नाही, धरलंच नव्हतं. मुंबईकर आले की फाट्याच्या रस्त्यावर इतक्या गाड्या असतात की तिथे दोरी लावणं शक्यच नाही. त्यात पाऊस. मोजमाप ऑक्टोबरमध्ये.

तेवढ्यात त्रिज्या मोजायची कशी ते ठरवलं. वर्तुळाचं केंद्र दरीत कुठेतरी हवेत किंवा डोंगराच्या पोटात, तिथे जाऊन टेप कोण लावणार. पण दहावीच्या भूमितीतलं जीवांच्या छेदनाचं प्रमेय आहे ना. रस्त्याच्या कडेवर दोन टोकं पकडून २० मीटरची दोरी ताणायची, ती जीवा. तिच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर म्हणजे शर. मग १० × १० = शर × (२ त्रिज्या − शर). यातून त्रिज्या = ५० ÷ शर + शर ÷ २. लीलावतीत भास्कराचार्य हेच सांगतात, अर्ध्या जीवेचा वर्ग शराने भागा, शर मिळवा, व्यास मिळाला. ११५० सालचं पुस्तक आहे. हे प्रमेय दरवर्षी फळ्यावर शिकवते पण त्याने रस्ता मोजता येतो हे मीही पहिल्यांदाच करतेय.

दोरी आतल्या कडेला लावता येणार नाही कारण तिथे जीवा गटाराच्या पलीकडे डोंगरात घुसते. बाहेरच्या कडेला लावली तर ती रस्त्यावरून जाते, म्हणून बाहेरची कड.

१२ ऑक्टोबर

मोजमाप झालं. सकाळी साडेसहाला, रविवार, दोन्ही टोकांना लाल फडकं घेऊन मोठी माणसं उभी. गाडी आली की दोरी खाली टाकायची आणि सगळ्यांनी साईडपट्टीवर, हा नियम पोरांनी पाळला. कोणी हे करायला जाणार असेल तर माणसं लावल्याशिवाय जाऊ नका.

बाहेरच्या कडेवर तीन ठिकाणी शर घेतला: १.१७, १.१९ आणि १.३६ मीटर. पहिले दोन जवळजवळ सारखे, त्रिज्या ४३ च्या आसपास. तिसरा मात्र ३७.४ देतो. रेश्माला वाटलं दोरीला झोल होता म्हणून परत घेतला, परत १.३६. म्हणजे वळण एका वर्तुळाचं नाहीच, गावाकडे उतरताना शेवटाला ते आणखी आवळतं. हे गाडीत बसून कधी कळलं नव्हतं, पण तिथे स्टिअरिंग अजून थोडं फिरवावं लागतं हे ओमकारचे वडील लगेच बोलले, "व्हय, थितं परत वळवायला लागतंय."

रस्त्याची रुंदी ४.६ मीटर, तिचा निम्मा म्हणजे २.३ वजा केला की मध्यरेषेची त्रिज्या मिळते: सुरुवातीला ४१, आवळलेल्या भागात ३५.

आडवा उतार गवंडी वापरतात त्या पाण्याच्या लेव्हल नळीने. हा भाग पोरांना सगळ्यात आवडला. पारदर्शक नळीत पाणी, आतला बुडबुडा बोटाने टिचक्या मारून घालवायचा नाहीतर रीडिंग खोटं, मग एक टोक आतल्या कडेला पट्टीला बांधून आणि दुसरं बाहेरच्या, दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की पट्टीवरचा फरक वाचायचा. सुरुवातीला फरक २३ सेंटिमीटर, म्हणजे ०.२३ ÷ ४.६ = ०.०५. आवळलेल्या जागी फक्त १४, म्हणजे ०.०३. जिथे जास्त हवा तिथेच कमी. डांबरावर डांबर चढत जातं, खड्डे भरले जातात, त्यात असे आकार बदलत असावेत, हा आपला माझा अंदाज.

सूत्रात टाकलं. पहिला भाग: १२७ × ४१ × ०.२० = १०४१, वर्गमूळ ३२. आवळलेला: १२७ × ३५ × ०.१८ = ८००, वर्गमूळ २८. एकाच वळणात चार किलोमीटरचा फरक आणि तोही उतारावर शेवटाला, जेव्हा ड्रायव्हरला वाटतं आता संपलं वळण.

शर मोजताना पाच सेंटिमीटर चुकलो तर? त्रिज्या चार टक्क्यांनी हलते, वेग दोनच टक्क्यांनी. वर्गमूळ अशा वेळी फार प्रेमळ वाटतं.

१५ ऑक्टोबर

बोर्ड २०, उत्तर २८. सार्थक खूश, बोर्ड चुकीचा निघाला म्हणून. थांब म्हटलं.

आधी हे ०.१५ काय आहे ते बघू. कोरड्या चांगल्या डांबरावर टायरची पकड ०.७ च्या आसपास असते. तेवढी धरली तर या वळणावर वेग √(१२७ × ३५ × ०.७३) म्हणजे ५७ येतो! मग ५७ ने जायचं का? ०.१५ ही टायरची ताकद नाहीये, बसलेल्या माणसाला बाजूला ढकलल्यासारखं वाटू नये, पावसात, गुळगुळीत टायरवर, वाळू पसरली असताना सुद्धा पुरावं म्हणून माणसांनी ठरवलेला आकडा आहे. समीकरण दोन्ही वेळा तेच, उत्तर मात्र दुप्पट होतं, आणि फरक कशात तर आपण कुठे थांबायचं ठरवलं त्यात. पोरं जरा नाराज झाली, त्यांना सूत्रातून एकच खरं उत्तर हवं होतं.

१९ ऑक्टोबर

फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं, फोनचा त्वरणमापक वाचतं. फोन डॅशबोर्डवर सपाट चिकटवला आणि माझ्या गाडीतून २५ च्या वेगाने वळण घेतलं. गंमत अशी की गाडी आडव्या उतारासोबत कलते त्यामुळे फोनला जे बाजूचं त्वरण दिसतं त्यातून उताराचा वाटा आपोआप वजा होतो, उरतं ते घर्षणाचं, म्हणजे सूत्रातला घर्षण × ९.८. आवळलेल्या भागात हिशोबाने ६२५ ÷ ४४४५ = ०.१४, वजा ०.०३, म्हणजे ०.११, त्वरण १.०८ यायला हवं. फोनने १.२ ते १.३ दाखवलं. स्प्रिंगवर गाडीची बॉडी बाहेर झुकते त्यामुळे थोडं जास्त दिसणारच. आलेखात दोन टेकड्या दिसतात, दुसरी उंच. दोरीने सापडलेला आवळलेला भाग फोनलाही सापडला. हा आलेख मोठा करून लावायचा.

२६ ऑक्टोबर

सानिकाचे काका एसटीत ड्रायव्हर आहेत, त्यांना शाळेत बोलावलं. पोरांनी सूत्र दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ह्यात ब्रेक कुठं आहे?"

एकदम मुद्द्याचं. ते म्हणाले वळणाच्या आधी वेग पाडायचा, गिअर खाली घ्यायचा, वळणात शिरल्यावर ब्रेकवर पाय नाही. पोरांना ते पायथागोरसने दाखवलं: टायरची एकूण पकड हा कर्ण, वळायला लागते ती एक बाजू, ब्रेकला उरते ती दुसरी. ओल्या रस्त्यावर एकूण ०.४ धरा. वळायला ०.२५ गेले तर ब्रेकला √(०.१६ − ०.०६२५) म्हणजे ०.३१ उरतात, ठीक आहे. वळायला ०.३८ गेले तर उरतात फक्त ०.१२. वेग थोडाच वाढला पण ब्रेक जवळजवळ गायब.

दुसरं त्यांनी सांगितलं की मागची चाकं आत कापतात, म्हणून बस आधी बाहेर काढून मग वळवायची. तेही आपल्याच शराच्या सूत्रातून येतं: पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा वर्ग भागिले दोन त्रिज्या. सहा मीटर धरलं तर आमच्या वळणावर ३६ ÷ ७० म्हणजे अर्धा मीटर, १४ मीटरच्या हेअरपिनवर १.३ मीटर. काकांनी हे ऐकून वहीत लिहून घेतलं, मला फार बरं वाटलं.

ओमकारचा लाल पेनातला प्रश्नही आजच मिटवला. वस्तुमान कटतं पण उंची कटत नाही. उलटायचं गणित वेगळं: डाव्या-उजव्या चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. पेंढा लादलेला टेम्पो, रुंदी १.४, उंची २ मीटर धरली (आमचाच अंदाज) तर ०.३५ येतं. ओल्या रस्त्याच्या ०.४ पेक्षा कमी, म्हणजे हा टेम्पो घसरायच्या आधी उलटणार. आवळलेल्या भागात सपाट धरून ३९ ला. ओमकार म्हणाला, "मी म्हटलेलंच." बरोबर आहे, म्हटलेलंच.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली बैठक. जाता जाता काका म्हणाले होते की त्या वळणाला वेग घसरायच्या भीतीने नाही कमी करत, समोरचं दिसत नाही म्हणून करतो. तेच आज धरलं.

आत डोंगर. मध्यरेषेपासून डोंगराच्या कडेपर्यंत ३.२ मीटर (निम्मा रस्ता २.३ आणि गटार ०.९). डोंगराला घासून जाणारी नजर ही जीवा आणि ३.२ हा तिचा शर. तेच सूत्र तिसऱ्यांदा! दिसणारं अंतर = √(८ × ३५ × ३.२) = जवळजवळ ३० मीटर. रस्ता एकपदरी, समोरूनही गाडी येणार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५ मीटर.

थांबायला किती लागतं? नियमात ड्रायव्हरला लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडायला २.५ सेकंद धरतात, तेवढ्यात गाडी ०.६९५ × वेग इतकी जाते, मग ब्रेकचं अंतर वेग² ÷ (२५४ × ०.४). बेरीज १५ ठेवली, १०१.६ ने गुणलं:

वेग² + ७०.६ वेग − १५२४ = ०

वर्गसमीकरण! मी काही न बोलता खडू रेश्माकडे दिला. सूत्राने उत्तर १७.३ आणि एक ऋण मूळ, ते तिने स्वतःच खोडलं, "बाई, हे रिव्हर्स गिअर." हसलो सगळे.

म्हणजे एकाच वळणाचे आकडे असे: टायर धरेल ५७ पर्यंत, नियमाच्या घर्षणाने २८, समोरून गाडी येणार हे धरलं तर १७. आणि बोर्ड २०. सार्थकचा बोर्ड चुकीचा नाही, उलट थोडा सैलच आहे. मोटरसायकलवाले पोरगे तिथून चाळीसने जातात.

१६ नोव्हेंबर

गटारावर घाणेरी वाढलीय, ती पावसाळ्यानंतर कोणी तोडली नाही. झुडपापर्यंतच अंतर धरलं तर ३.२ चे २.५ होतात, दिसतं २६.५ मीटर, वेग १५.६. पोरांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, खाली हे गणित जोडलं. "दीड-दोन किलोमीटर वेगासाठी" असं कोणी म्हणू नये म्हणून मी तीन-साडेतीन मीटर जास्त दिसेल असं लिहायला लावलं, ते जास्त पटतं.

२३ नोव्हेंबर

प्रदर्शनात परीक्षक हमखास विचारतील की रस्ता उतारावर आहे, ते कुठे धरलंत. म्हणून आज तेही केलं. उतार साधारण १५ ला १, म्हणजे ०.०६७. उतरणाऱ्या गाडीचं ब्रेकचं घर्षण ०.४ वरून ०.३३३ होतं, चढणाऱ्याचं ०.४६७. दोघांची थांबायची अंतरं मिळून ३० मीटर ठेवली. उत्तर १७.२. आधी १७.३ होतं. पोरांचा विश्वास बसेना, एवढी आकडेमोड करून काहीच हललं नाही.

कारण शोधायला बसलो. एक तर उतरणाऱ्याचा तोटा चढणारा जवळपास भरून काढतो. आणि दुसरं, १७ च्या वेगाला वाट्याच्या १५ मीटरपैकी १२ मीटर तर पाय ब्रेकवर पडायच्या आतच संपतात, खऱ्या ब्रेकिंगला तीनच. मग ब्रेक सुधारून काय उपयोग, समोरच्याला आधी कळलं पाहिजे. सानिकाने २.५ च्या जागी १.५ सेकंद टाकून बघितलं, कारण हॉर्न ऐकलेला माणूस आधीच सावध असतो. समीकरण वेग² + ४२.४ वेग − १५२४ = ०, उत्तर २३. टायर, रस्ता, झुडूप काही न बदलता सहा किलोमीटर वाढले.

चार्टवर आता 'हॉर्न वाजवा' चा बोर्डही काढायचाय आणि त्याच्याखाली ही दोन समीकरणं शेजारीशेजारी. थर्माकोलचं वळण ओमकार करतोय, त्याला सांगितलंय की शेवटाला आवळलेलं दाखव.